शेवटची शर्यत १९९७ची: अकरा गावं, दोनशे किलोमीटर आणि न येणारी थंडी

ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये हेडफोन विसरलाय, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना केलेलं ‘अं... म्हणजे...’ तेवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोलले तसंच.

नेदरलँड्समध्ये राहते म्हटलं की मला ठरलेले तीन प्रश्न येतात. ट्युलिप पाहिले का, पवनचक्की पाहिली का आणि सायकलवर ऑफिसला जातेस का. तिन्हीचं उत्तर हो. पण आजची गोष्ट यातल्या कशाचीच नाही. आजची गोष्ट अशा एका परंपरेची आहे, जी इथल्या प्रत्येक माणसाला पाठ आहे, जिच्यासाठी दर हिवाळ्यात अख्खा देश थर्मामीटरकडे डोळे लावून बसतो, आणि जी माझ्या आयुष्यात एकदाही झालेली नाही.

तिचं नाव एल्फस्टेडनटोख्त. उच्चाराला घाबरू नका, फोड करू. ‘एल्फ’ म्हणजे अकरा, ‘स्टेडन’ म्हणजे शहरं, ‘टोख्त’ म्हणजे फेरी. अकरा शहरांची फेरी. देशाच्या उत्तरेला फ्रिसलंड नावाचा प्रांत आहे. तिथली अकरा जुनी शहरं, त्यांना जोडणारे कालवे, नद्या आणि तळी. हे सगळं पाणी गोठलं, की त्यावरून एका दिवसात स्केटिंग करत साधारण २०० किलोमीटर जायचं. म्हणजे पुण्याहून निघून मुंबई गाठायची आणि तिथून परत बरंच मागे यायचं, तेही पायात पातळ पोलादी पात्यांचे बूट घालून, अंधारात सुरू करून अंधारातच संपवत.

अधिकृत शर्यत आजवर १५ वेळा झाली. पहिली २ जानेवारी १९०९ला, शेवटची ४ जानेवारी १९९७ला. मी जन्मले त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. म्हणजे माझ्या वयाच्या एकाही डच मुलाला ही शर्यत आठवत नाही. तरी कोणालाही विचारा, तो असं सांगतो की जणू काठावर उभं राहून पाहिलीय.

आता प्रश्न असा, की न होणारी शर्यत लोक इतकी जपतात का? त्यासाठी जरा मागे जाऊ.

पाणी हाच रस्ता

हा देश सपाट आणि दलदलीचा. शेकडो वर्षं लोकांनी चर खणले, पाणी उपसलं, जमीन मिळवली. त्यामुळे शेताच्या कडेला चर, चर मिळतो ओढ्याला, ओढा कालव्याला, कालवा तळ्याला. १७व्या शतकात याच कालव्यांवर प्रवासी नावा धावू लागल्या. काठावरून घोडा चालायचा आणि दोराने नाव ओढायचा. आम्स्टरडॅम ते हार्लेम हा असा खास खोदलेला मार्ग १६३२मध्ये सुरू झाला आणि मग शेकडो किलोमीटरचं जाळं विणलं गेलं. ठरलेल्या वेळा, ठरलेलं भाडं. आपल्या एसटीसारखंच, फक्त ओला मामला.

आणि हिवाळ्यात? नाव बंद. पण रस्ता बंद नाही! उलट तो जास्त वेगवान व्हायचा. चिखलाच्या वाटेने पायी जायला जिथे दिवस लागायचा, तिथे लाकडी पट्टीला लोखंडी पातं बसवलेले स्केट्स बुटाखाली बांधले की काही तासांत पोचता यायचं. शेतकरी बाजाराला, पोरं मामाच्या गावाला, प्रेमात पडलेले शेजारच्या गावाला. स्केटिंग हा खेळ नंतर झाला. आधी ते दळणवळण होतं.

त्या काळात युरोप आजच्यापेक्षा थंड होता. इतिहासकार त्याला ‘लहान हिमयुग’ म्हणतात. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये हेंड्रिक आव्हरकाम्प या चित्रकाराचं १६०८च्या आसपासचं एक चित्र आहे. गोठलेली नदी आणि तिच्यावर अख्खं गाव. भरजरी कपड्यातले श्रीमंत, ओझं वाहणारे गरीब, पडलेले, धडपडलेले, काठीने चेंडू मारणारे, कडेला कोणी पक्षी पकडायचा सापळा लावलेला. आव्हरकाम्पला बोलता येत नव्हतं, ‘काम्पनचा मुका’ म्हणूनच तो ओळखला जायचा. चित्र मात्र इतकं बडबडं आहे, की पुढ्यात उभं राहिलं की जत्रेचा गलका ऐकू येतो. तुम्ही कधी आम्स्टरडॅमला आलात, तर रेम्ब्रांटच्या समोरची गर्दी पाच मिनिटं सोडा आणि हे शोधा. मोबाइलवर झूम करून बघितलं तरी अर्धा तास सहज जातो.

माझ्यासाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट एकच. बर्फावर सगळे आहेत. जमिनीवर ज्यांचे रस्ते वेगळे, ते इथे एकाच पृष्ठभागावर घसरतायत.

अकराच का?

फ्रिसलंडमध्ये जुन्या काळी अकरा गावांना शहराचा दर्जा होता. नकाशा उघडणार असाल तर क्रम असा: लेवार्डन, स्नेक, आइल्स्ट, स्लोटन, स्टाव्होरन, हिंडेलोपन, वॉर्कुम, बोल्सवर्ड, हार्लिंगन, फ्रानेकर, डोक्कुम आणि परत लेवार्डन. ‘शहर’ शब्दावर जाऊ नका. स्लोटनमध्ये आजही हजारभर माणसं नाहीत. आपल्याकडची एक मोठी सोसायटी तिला मागे टाकेल. पण दर्जा तो दर्जा!

एका दिवसात अकराही शहरं स्केटिंगने गाठायची, ही पैज १८व्या शतकापासून लोक लावत आलेत. पुरावा काय? तर प्रत्येक गावातल्या खानावळीत थांबायचं आणि तिथून सही घ्यायची. १८९०मध्ये पिम म्यूलिए नावाच्या पठ्ठ्याने ही फेरी सुमारे १३ तासांत केली. नेदरलँड्समध्ये अनेक खेळ रुजवणारा हा माणूस. त्याच्याच डोक्यातून पुढे नियम असलेली शर्यत निघाली. १९०९च्या जानेवारीत पहिली शर्यत झाली आणि त्याच महिन्यात आयोजनासाठी संघटना स्थापन झाली. तीच संघटना आजही आहे.

नियम साधे. प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड. प्रत्येक शहरात त्यावर शिक्का. मध्यरात्रीच्या आत लेवार्डनला पोचलात आणि सगळे शिक्के असले, तर एक छोटा धातूचा क्रॉस मिळतो. शर्यत धावणारे थोडे, ते पहाटे आधी सुटतात. त्यांच्यामागे हजारो साधी माणसं. त्यांना जिंकायचं नसतं, फक्त पूर्ण करायचं असतं. ती शिक्षक असतात, नर्स असतात, गवंडी असतात. आणि तो क्रॉस घरात काचेच्या कपाटात राहतो, पुढे नातवंडांपर्यंत जातो.

आपण मराठी माणसं हे ऐकल्यावर पटकन म्हणतो, अरे ही तर वारी! मीही म्हटलं. साम्य आहेच: ठरलेला मार्ग, ठरलेले मुक्काम, काठावर चहापाणी देणारं गाव. पण एक फरक फार मोठा आहे. आषाढी कॅलेंडरवर असते. पाऊस असो नसो, वारी निघते. इथे तारीखच नाही. निसर्गाने होकार दिला तरच शर्यत, आणि तो होकार आला की दोन दिवसांत सगळा देश हलवायचा.

१५ सेंटिमीटरची अट

आता थोडं माझ्या आवडीचं, म्हणजे सिस्टिम कशी चालते ते.

संपूर्ण मार्गावर बर्फ किमान १५ सेंटिमीटर जाड हवा. एकटा माणूस याच्या अर्ध्याहून कमी बर्फावरही आरामात जातो. पण इथे एकाच अरुंद कालव्यावरून १६ हजार माणसं जाणार, काठावरचे प्रेक्षक मध्ये उतरणार. म्हणून १५.

हे मोजायला मार्गाचे २२ भाग पाडलेत आणि प्रत्येक भागाला एक प्रमुख आहे. त्याला म्हणतात ‘रेयॉनहोफ्द’. बहुतेक स्थानिक मंडळी, आपलं पाणी हाताच्या रेषांसारखं ओळखणारी. थंडी पडली की ते बर्फाला भोक पाडून जाडी मोजतात आणि मग सगळ्यांची बैठक बसते. सगळ्यांचा होकार आला तर शर्यत. २०० पैकी १९५ किलोमीटर उत्तम आणि पाच किलोमीटर कच्चे, तरी नकार. प्रॉडक्शनला रिलीज टाकण्याआधीची मीटिंग आठवली ना? सगळे टेस्ट हिरवे, एक लाल. झालं, रिलीज पुढे.

आणि लाल होण्याची कारणं हजार. पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं. त्यामुळे वरचं पाणी थंड होऊन खाली बसत राहतं आणि सगळा साठा ४ अंशांपर्यंत उतरला की मगच पृष्ठभाग गोठायला लागतो. उथळ चर दोन रात्रींत गोठतो, मोठं तळं हटवादी. वारा सुटला की पाणी हलत राहतं. पुलाखाली बर्फ पातळच असतो. बदकं आणि हंस एका जागी फिरत राहून भोकं उघडी ठेवतात. आणि गंमत म्हणजे बर्फ पडणं ही वाईट बातमी! भुसभुशीत हिम गोठलेल्या पाण्यावर गोधडीसारखं बसतं. खालची जाडी वाढायची थांबते.

काही ठिकाणी उपाय असतात. जिथे बर्फ कच्चा, तिथे काठावर गालिचे अंथरतात आणि स्केट्स घालूनच जमिनीवरून दुडुदुडु चालत पुढच्या पक्क्या बर्फावर उतरायचं. याला डच भाषेत खास क्रियापद आहे: ‘क्लूनन’. १९९७मध्ये तर दुसरीकडचा बर्फ कापून आणून भोकांमध्ये बसवला होता. त्याला चक्क बर्फाचं प्रत्यारोपण म्हणतात. यालाच आपण हॉटफिक्स म्हणतो.

सगळं जमलं की अध्यक्ष पत्रकार परिषदेत तीन शब्द म्हणतात: ‘इट गीट ओअन’. अर्थ एवढाच, की ‘होतंय!’ लक्षात घ्या, हे शब्द डच नाहीत, फ्रिजियन आहेत. फ्रिसलंडची स्वतःची भाषा आहे आणि ती तिथे डचच्या बरोबरीने अधिकृत आहे. राजधानीच्या भाषेत न बोलता आपल्या मातृभाषेत तीन शब्द उच्चारायचे आणि अख्ख्या देशाने ते समजून नाचायचं. परदेशात बसून मराठीत पॉडकास्ट करणाऱ्या मुलीला हे का आवडतं, ते वेगळं सांगायला नको.

१९६३: नरक

सगळ्या शर्यतींमध्ये एकीचं नाव घेतलं की माणसं आवाज खाली आणतात. १८ जानेवारी १९६३. तो हिवाळा इथे २०व्या शतकातला सर्वांत कडक. सकाळी सुटताना उणे १८ अंश. त्यात पूर्वेचा बोचरा वारा आणि कालव्यांवर साचलेलं हिम. चिरा दिसत नव्हत्या, पाय अडकून माणसं पडत होती, डोळे सुजून बंद होत होते.

साध्या गटात ९ हजारांहून जास्त लोक निघाले होते. पूर्ण किती जणांनी केली माहितीय? ६९. परत सांगते, ६९.

शर्यत जिंकली राइनिअर पापिंगने. शेवटचे जवळपास १०० किलोमीटर तो एकटा होता. पुढे कोणी नाही, मागे कोणी दिसत नाही. वेळ १० तास ५९ मिनिटं. शेवटी राणी युलियाना स्वतः आली होती. पुढची २२ वर्षं शर्यतच झाली नाही, त्यामुळे तेवढा काळ ‘शेवटचा विजेता’ तोच. २०२१च्या डिसेंबरमध्ये पापिंग गेला, तेव्हा इथल्या बातम्यांमध्ये एखाद्या राष्ट्रीय नेत्यासारखी आठवण काढली गेली. या दिवसावर २००९मध्ये चित्रपटही आला, नाव ‘डे हेल फान ६३’, म्हणजे ‘६३चा नरक’.

नकाशावर एक जागा बघा: बार्टलेहिम. चार घरं आणि एक छोटा लाकडी पादचारी पूल. फ्रानेकरहून येताना इथे पोचलात की लेवार्डन हाकेच्या अंतरावर. पण डोक्कुमचा शिक्का बाकी असतो. म्हणून उत्तरेला वळायचं, डोक्कुमला जायचं, परत इथेच यायचं आणि मग घर. साध्या स्पर्धकांना इथे बहुधा अंधारच पडलेला असतो. अंगात त्राण नाही, समोरून परतणारे लोक दिसतायत, आणि तुम्हाला उलट दिशेला जायचंय. किती जणांनी इथे स्केट्स सोडले असतील! मला वाटतं, या शर्यतीची सगळी गोष्ट त्या एका वळणात आहे.

एकत्र पोचणारे पाच, आणि खोट्या नावाचा राजपुत्र

सगळंच काही इतकं कठोर नाही हं.

१९४०मध्ये आघाडीच्या पाच जणांनी डोक्कुमला ठरवलं, की आपण भांडायचं नाही, एकत्रच रेषा ओलांडू. पाचही जण विजेते ठरले. आयोजकांना ते काही रुचलं नाही, असं करायचं नाही असा नियम आला. १९५६मध्ये पुन्हा पाच जणांनी हातात हात घालून रेषा ओलांडली. या वेळी निकाल काय? विजेता कोणीच नाही. इतिहासाच्या यादीत १९५६समोर जागा रिकामी आहे. मैत्री केली म्हणून बाद झालेले पाच लोक! मला तरी ती रिकामी जागा यादीतली सगळ्यात सुंदर नोंद वाटते.

१९८५मध्ये २२ वर्षांनी शर्यत परत आली. जिंकला एव्हर्ट फान बेंथम, गाई पाळणारा शेतकरी. पुढच्याच वर्षी, १९८६मध्ये, पुन्हा शर्यत आणि पुन्हा तोच. त्या वर्षी साध्या गटात ‘डब्ल्यू. ए. फान ब्यूरन’ नावाचा १८ वर्षांचा मुलगा होता. संपवल्यावर त्याला मिठी मारायला राणी बेआट्रिक्स आली, तेव्हा गुपित फुटलं. राजपुत्र विलेम-अलेक्झांडर! आज तोच नेदरलँड्सचा राजा आहे. २७ एप्रिलला त्याच्या वाढदिवसाला आपण सगळे केशरी टीशर्ट घालून रस्त्यावर जुनी भांडी विकायला बसतो ना, तोच.

आणि १९९७. विजेता हेंक आंगेनेंट, हाही शेतकरी, ब्रसेल्स स्प्राउट पिकवणारा. वेळ ६ तास ४९ मिनिटं. तेव्हापासून ‘शेवटचा विजेता’ ही पदवी त्याच्याकडेच आहे. २२ वर्षांचा जुना विक्रम, म्हणजे दोन शर्यतींमधल्या सर्वांत मोठ्या अंतराचा, २०१९मध्येच मोडला. हा विक्रम मोडल्याचा आनंद मात्र कोणाला झाला नाही.

थंडी कुठे गेली?

मी उट्रेख्तमध्ये राहते. शेजारीच डे बिल्ट गाव आहे, तिथे देशाची हवामान संस्था, १८५४मध्ये स्थापन झालेली. तिच्या व्याख्येनुसार ‘थंडीची लाट’ म्हणजे सलग पाच दिवस दिवसभरात पारा शून्याच्या वर जाता कामा नये, आणि त्यातल्या किमान तीन दिवशी तो उणे १०च्या खाली गेला पाहिजे. अशी शेवटची लाट कधी आली? २०१२च्या सुरुवातीला.

त्या फेब्रुवारीत सगळ्यांना वाटलं, आता होणारच. हॉटेलं भरली, पत्रकार लेवार्डनला तळ ठोकून बसले, माणसांनी फावडी घेऊन बर्फावरचं हिम झाडलं. बऱ्याच ठिकाणी १५ सेंटिमीटर झालंही. पण दक्षिणेकडच्या भागात जमेना. ८ फेब्रुवारीला अध्यक्ष वीबे वीलिंग कॅमेऱ्यासमोर आले आणि म्हणाले, होणार नाही. नंतर थंडी ओसरली. त्यानंतर इतक्या जवळ कोणी पोचलं नाही. २०२१च्या फेब्रुवारीत आठवडाभर कडाका पडला, आम्स्टरडॅमच्या कालव्यांवर लोक उतरले. पण तो आठवडाभरच पुरला. शिवाय कोरोनाच्या नियमांत हजारोंची शर्यत तशीही शक्य नव्हती.

नेदरलँड्सचं सरासरी तापमान गेल्या शंभरेक वर्षांत २ अंशांहून जास्त वाढलंय. ‘दोनच अंश?’ असं वाटेल. पण हा देश गोठण्याच्या अगदी काठावर बसलेला आहे. जिथे हिवाळा शून्याच्या थोडा खाली-वर खेळतो, तिथे दोन अंश म्हणजे रस्ता आणि पाणी यांच्यातला फरक. यादीच बघा ना. १९४०, ४१, ४२ अशी सलग तीन वर्षं शर्यत झाली होती. आता तीन दशकं होत आली.

हवामान बदल म्हटलं की आपल्याला पूर, दुष्काळ, वादळं आठवतात. बरोबरच आहे, तिथे जीव जातात. त्यापुढे एक शर्यत न होणं म्हणजे काहीच नाही. पण ऋतू हरवतो म्हणजे नेमकं काय हरवतं, हे मला इथे कळलं. शब्द हरवतात. ‘क्लूनन’ हा शब्द माझ्या टीममधल्या सगळ्यांना माहीत आहे. केलंय एकानेही नाही. गोठलेल्या तळ्याकाठी कोको आणि वाटाण्याचं दाट सूप विकणारी टपरी असते, ‘कूक-एन-झोपी’. लहान मुलं स्वयंपाकघरातली खुर्ची ढकलत बर्फावर चालायला शिकायची. ही सगळी कौशल्यं अशी, की ती वर्षाआड तरी वापरावी लागतात. नाहीतर ती म्युझियममध्ये जातात.

म्युझियममध्ये, आणि टाइल्सच्या पुलाखाली

आणि ती गेलीतच. हिंडेलोपनला स्केटिंगचं म्युझियम आहे. गेल्या जानेवारीत ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर आणि तिच्या वडिलांबरोबर मी तिथे गेले. उट्रेख्तहून ट्रेन, मग त्यांची गाडी. बाहेर ९ अंश आणि रिमझिम. आत भिंतभर लाकडी स्केट्स, शिक्क्यांची जुनी कार्डं, छोटे छोटे क्रॉस.

वडिलांनी १९८६ची फेरी पूर्ण केलीय. ते बोलायला फारसे उत्सुक नव्हते, डच लोक स्वतःचं कौतुक करायला लाजतात. पण परतताना त्यांनी गाडी गीटसर्क गावाबाहेर थांबवली. तिथे कालव्यावर एक पूल आहे, पूर्ण टाइल्सने मढवलेला. लांबून पाहिलं तर स्केटिंग करणाऱ्यांचं एक मोठं चित्र दिसतं. जवळ गेलं की कळतं, हजारो छोट्या टाइल्स आहेत आणि प्रत्येकीवर फेरी पूर्ण केलेल्या एका माणसाचा फोटो. मोठं चित्र सगळ्यांनी मिळून बनलंय. पिक्सेल म्हणजे माणसं.

मी विचारलं, “तुमची टाइल कुठेय?” त्यांनी बोट दाखवलं, आणि लगेच शेजारच्या टाइलवर नेलं. “हा बघ. डोक्कुमनंतर मला चालवत नव्हतं. हा अनोळखी माणूस माझ्यापुढे राहिला, वारा अडवायला. नाव मला इथे, टाइलमुळे कळलं.”

ते अजून संघटनेचे सदस्य आहेत. वर्गणी दर वर्षी भरतात. दर नोव्हेंबरला स्केट्सना धार लावून घेतात. वय ६८. मी विचारलं, “खरंच वाटतं का, की होईल?”

ते म्हणाले, “ते माझ्या हातात नाही. धार माझ्या हातात आहे.”

मी यावर काहीच बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

जे गोठत नाही, ते वाहतं

पण थांबा, हा भाग मला रडका करायचा नाहीये. कारण अकरा शहरांची फेरी थांबलेली नाही, तिने फक्त बूट बदललेत.

दर वर्षी पेंटेकोस्टच्या सोमवारी, म्हणजे मे-जूनच्या सुमाराला, बोल्सवर्डहून हजारो लोक हीच फेरी सायकलवर करतात. शिक्क्याचं कार्ड असतं, मध्यरात्रीची मुदत असते, गावोगावी काठावर संत्री आणि ब्रेड घेऊन उभे राहिलेले लोक असतात. कोणी पायी करतं, कोणी होडीने. बर्फच हवाय त्यांच्यासाठी १९८९पासून ऑस्ट्रियातल्या वायसनझे तळ्यावर २०० किलोमीटरची पर्यायी शर्यत होते. डच लोक हिवाळा शोधत हजार किलोमीटर गाडी चालवत जातात. त्यात जो विरोधाभास आहे, तो त्यांनाही कळतो.

आणि एकाने तर न गोठलेल्या पाण्यालाच उत्तर दिलं. मार्टेन फान डर वायडन. तरुणपणी रक्ताच्या कर्करोगातून वाचलेला आणि २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १० किलोमीटर पोहण्याचं सुवर्ण जिंकलेला. त्याने ठरवलं, अकरा शहरं पोहून करायची, कर्करोगाच्या संशोधनाला निधी जमवायला. २०१८मध्ये १६३ किलोमीटरवर शरीराने साथ सोडली, त्याला पाण्याबाहेर काढावं लागलं. २०१९मध्ये तो परत उतरला. तीन दिवसांहून जास्त वेळ पाण्यात. आणि या वेळी लेवार्डनला पोचला. बार्टलेहिमच्या त्या पुलावर लोक तसेच उभे होते, जसे १९९७मध्ये होते. फक्त खाली बर्फाऐवजी पाणी होतं.

तर मग ही परंपरा नक्की कशाची आहे? मला आधी वाटायचं, बर्फाची. आता वाटतं, ती तयार राहण्याची आहे. २२ रेयॉनहोफ्द आजही नेमलेले आहेत. एक निवृत्त झाला की दुसरा येतो. मार्गाचे आराखडे अद्ययावत होतात. गावागावातल्या बर्फ-मंडळांची मैदानं आहेत, त्यांवर थंडीच्या रात्री बोटभर पाणी सोडून ठेवतात. आणि देशातली पहिली नैसर्गिक बर्फावरची मॅरेथॉन आपल्याच गावात व्हावी म्हणून ही गावं एकमेकांशी चुरस करतात. त्यासाठी ३ सेंटिमीटर पुरतात. ३ सेंटिमीटर कधीकधी अजूनही मिळतात.

इथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक कामाची गोष्ट. आम्स्टलवेन, आइंडहोव्हन, उट्रेख्त, कुठेही असा, जवळ आइस रिंक असेलच. स्केट्स भाड्याने मिळतात. आत्ताच शिकून ठेवा. खऱ्या बर्फावर उतरायची वेळ आली तर एकट्याने जायचं नाही, लोक जात नसतील तिथे जायचं नाही, पुलाखाली आणि वेतांच्या कडेला जायचं नाही. आणि भारतात बसून ऐकणाऱ्यांनो, आपल्या गावातली अशी कुठली गोष्ट आहे, जी ऋतू आला तरच होते? नदीला पाणी असलं तरच, आंब्याला मोहोर आला तरच, पहिला पाऊस पडला तरच. घरातल्या मोठ्यांना विचारा. ती शेवटची कधी झाली, हेही विचारा. आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवा, पुढच्या एका भागात आपण तीच ऐकू.

आत्ता हे बोलतेय तेव्हा बाहेर ७ अंश आहे. पुढच्या दहा दिवसांच्या अंदाजात शून्य कुठेच नाही. फ्रिसलंडमध्ये मात्र कुणीतरी स्केट्सना धार लावून खुंटीला अडकवलेत.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि ऐकत राहा.